फुलर सर, म्हसवडचे

दवाखान्यात, बँकेत, रेशनच्या रांगेत कुणी "फुलारी कोण आहे?" असं विचारलं की सर उठून उभे राहायचे. "मी," म्हणायचे आणि खाली मान घालून पुढे व्हायचे. हातातल्या कागदावर आडनाव फुलर असं स्पष्ट लिहिलेलं असायचं. पण वाचणाऱ्याला ते लिहिणाऱ्याची चूक वाटायची, आणि सर ती समजूत तशीच राहू द्यायचे. एखाद्याने ते बरोबर वाचलं, तर मात्र त्यांचा चेहरा पडायचा. "फुलर? म्हणजे ख्रिश्चन का तुम्ही?" असा पुढचा प्रश्न ठरलेला असे. सर म्हणत, "न्हाई, म्हसवडचे." मग विचारणाराही गोंधळायचा आणि विषय तिथेच संपायचा.

मी साताऱ्याच्या त्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले, तेव्हा सर तिथे भूगोल शिकवत होते. त्याआधी खंडाळ्याला होते. तिथल्या हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी त्यांची ओळख 'फुलारी सर' अशी करून दिली होती, आणि सरांनी ती आनंदाने उचलली होती. उंच, सडपातळ, गोरे, आणि बारा महिने डोळ्यांवर गडद काचांचा चष्मा. ऊन सोसत नाही म्हणायचे. तो चष्मा ते वर्गातही काढत नसत. एकदा ते तो पुसत असताना मी त्यांचे डोळे पाहिले. मांजरासारखे घारे होते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की चोरी त्यांची पकडली गेली होती का माझी, ते मला कळेना.

फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा काढावा तर सरांनी. डहाणूला खडू टेकवायचा आणि हात न उचलता पुन्हा डहाणूला आणून सोडायचा. मुलं श्वास धरून बघायची. मग नद्या, घाट, धरणं. कुणी अवघड प्रश्न विचारला, किंवा नको तो विचारला, की त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "ते पुढच्या तासाला बघू." शिक्षकांच्या खोलीतही तेच आणि घरीही तेच. त्यांची मुलगी सुनंदा लहान असताना तिची आई गेली. सरांनी दुसरं लग्न केलं नाही. सकाळी तिच्या दोन वेण्या घालून, डबा भरून, तिला सायकलवर पुढे बसवून शाळेत आणायचे. वेण्या वाकड्या व्हायच्या. मधल्या सुट्टीत ती माझ्याकडून नीट घालून घ्यायची आणि म्हणायची, "बाबांना सांगू नका हं, बाई." एवढी माया त्या दोघांत होती. पण तिने आजोबांबद्दल, गावाबद्दल काही विचारलं, की बाबांचा पुढचा तास कधी यायचाच नाही.

एकदा शाळा सुटल्यावर आम्ही बरोबर चालत होतो. सर अचानक म्हणाले, "बाई, तुम्ही इंग्रजीच्या. त्या शब्दाचा अर्थ काय हो?" कुठला शब्द, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी बघून सांगितलं. लोकरीचं कापड विणून झालं, की ते पाण्यात घालून पायांनी तुडवायचं, म्हणजे ते आटतं आणि घट्ट होतं. हे काम करणारा तो फुलर. आपल्याकडे लोहार, सुतार, साळी, तशी तिकडे धंद्यावरून पडलेली आडनावं.

"म्हणजे आमच्याकडं घोंगडी करतात, त्यातलंच," सर म्हणाले.

"त्यातलंच."

"मोठेपणा काही नाही त्यात? सरदारकी, मानपान?"

"काही नाही."

 मग ते स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले, "मग कशाला घेतलं असंल तिनं?" कुणी घेतलं, असं मी विचारलं. त्यांनी ते पुढच्या तासावर टाकलं.

ती कोण, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं, आणि तेही सरांकडून नाही. सुनंदाचं लग्न कराडजवळच्या एका घरात ठरत आलं होतं. बोलणी झाली, मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत होती. मुलाकडच्यांनी कुळी आणि देवक विचारलं, तेव्हा सर चाचरले. त्यांतल्या एकाने म्हसवडला जाऊन चौकशी केली आणि लग्न मोडलं. मोडताना जे बोलायचं ते सुनंदासमोर बोलून गेले. ती सरळ माझ्या घरी आली. रडत नव्हती. म्हणाली, "बाई, माझ्या पणजीला एका साहेबापासून मूल झालं होतं. ते मूल म्हणजे माझे आजोबा. हे मला आज परक्या माणसानं सांगितलं."

पणजीचं नाव साळूबाई. दुष्काळात ती पोट भरायला तलावाच्या कामावर खडी फोडायला गेली. तिथल्या फुलर साहेबाने तिला बंगल्यावर घरकामाला ठेवलं. पुढे मूल झालं. मूल रांगतं असताना साहेबाची मुदत संपली आणि तो विलायतेला निघून गेला. पोराला काही ठेवलं नाही, नावही दिलं नाही. नाव साळूबाईनेच घेतलं. त्या नावाने पोराला गावात जन्मभर टोमणे खावे लागले. मोठा झाल्यावर त्याने बायको आणि धाकट्या मुलाला घेऊन गाव सोडलं आणि साताऱ्यात एसटीत लागला. थोरली मुलगी तेवढी आजीपाशी म्हसवडला राहिली. तो धाकटा मुलगा म्हणजे आमचे सर. ती थोरली त्यांची आक्का.

पणजीने काय केलं याचं सुनंदाला फारसं काही वाटलं नव्हतं. वडिलांनी ते आपल्याला परक्याच्या तोंडून ऐकायला लावलं, याचं लागलं होतं. सरांना मी भेटायला गेले, तर ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. आडनाव बदलून घ्यायचं त्यांच्या मनात पूर्वीपासून होतं म्हणे. गॅझेटसाठी एकदा गेलेही होते. "पण तिथं कारण लिहावं लागतं, बाई," ते म्हणाले. "काय लिहिणार?"

पुढे सुनंदाने सांगलीतला बँकेत काम करणारा मुलगा स्वतःच पसंत केला. त्याला आडनावाचं काही पडलेलं नव्हतं. सांगलीला झालेल्या त्या लग्नात मी होते. सर पाहुण्यांचं हवं नको बघत होते, हसत होते, पण दारात गाडी थांबली की दचकून बघायचे. आक्काला त्यांनी बोलावलंच नव्हतं. आक्का फटकळ, चारचौघांत आजीची गोष्ट सांगायला तिला काही वाटत नसे. ती मांडवात बोलली तर काय, ही त्यांची भीती. सख्ख्या बहिणीने भाचीचं लग्न झाल्याचं नंतर गावात कुणाकडून तरी ऐकलं. तिने एक काळं घोंगडं आहेर म्हणून एसटीने पाठवून दिलं. बरोबर निरोप नव्हता. सरांनी ते ट्रंकेत तळाशी घातलं आणि त्यानंतर ते म्हसवडला गेले नाहीत.

वर्षं गेली. आम्ही दोघंही निवृत्त झालो. मग आता अलीकडे सुनंदाच्या मोबाइलवर इंग्लंडहून कुणा जेराल्डचा निरोप आला. तो निवृत्त माणूस होता आणि आपल्या घराण्याचा इतिहास जुळवत होता. त्याच्या आजोबांचे धाकटे भाऊ म्हसवडच्या तलावावर नोकरीला होते, तो तलाव बघायला तो येणार होता. शोधता शोधता सुनंदाचं माहेरचं आडनाव त्याच्या नजरेस पडलं. साताऱ्यात फुलर कसे, याचं त्याला कुतूहल वाटत होतं.

सर म्हणाले, भेटायचं नाही. सुनंदा म्हणाली, मी भेटणार. तेव्हा ते माझ्या घरी आले आणि दुभाषी म्हणून यायला सांगू लागले. जाताना दारात थांबून म्हणाले, "त्यांना एवढंच सांगायचं, बाई. एका पाद्र्यानं अनाथ पोराला आपल्या ओळखीच्या साहेबाचं नाव दिलं. बास."

मी म्हटलं, "सर, तुम्ही जे बोलाल ते मी इंग्रजीत सांगेन. माझ्या पदरचं काही घालणार नाही."

"तेवढंच करा," ते म्हणाले.

जेराल्ड सत्तरीचा, उन्हाने लालबुंद झालेला, फार अदबीने वागणारा माणूस. सरांच्या घरी आल्या आल्या त्याने त्यांना वाकून नमस्कार केला, कुणाकडून तरी शिकून आला असावा. चहा घेता घेता तो आपल्या घराण्याबद्दल सांगू लागला. त्याचे पूर्वज लोकरीच्या मुलखातले. पिढ्यान् पिढ्या कापड तुडवायचं काम. पुढे पाणचक्क्या आल्या, पायांची गरज संपली, मग कुणी शेतावर गेलं, कुणी शहरात, आजोबांचा धाकटा भाऊ शिकून इंजिनियर झाला. कापडातलं तेलकट निघावं म्हणून शिळं मूत साठवून त्यात ते तुडवत, असंही त्याने सांगितलं. माझे पूर्वज गुडघाभर मुतात उभे राहून पोट भरायचे, असं म्हणून तो स्वतःच हसला.

मी ते आहे तसं मराठीत सांगितलं. सरांनी कप खाली ठेवला. "त्यांना विचारा, हे ते घरी सगळ्यांना सांगतात का?"

नातवंडांना हाच भाग सगळ्यात आवडतो, असं जेराल्ड म्हणाला. कष्टाचं काम होतं ते, त्यात लपवायचं काय?

सर त्याच्याकडे बघत राहिले. मग जेराल्ड त्या इंजिनियरबद्दल बोलू लागला. घरात सगळे त्यांना बिचारे म्हणायचे. हिंदुस्थानातून परतले ते खचूनच. लग्न केलं नाही. बहिणीच्या घरी एका खोलीत राहिले आणि तिथेच गेले. मूलबाळ नाही, मागे कुणी नाही. "आणि तुमच्या घराण्याला हे नाव कसं मिळालं?" त्याने विचारलं.

 सरांनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि मराठीत, फळ्यासमोर उभं राहून सांगावं तसं, पाद्र्याचं सांगितलं. मी ते इंग्रजीत केलं. माझ्याच तोंडाला ती गोष्ट कडू लागली. जेराल्ड मान डोलावत होता. त्याला शंका घ्यायचं कारणच नव्हतं. सुनंदा उठली, रिकामे कप गोळा करून आत गेली आणि तो निघेपर्यंत बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी तलावावर जायचं होतं. सर येणार नव्हते. पण सकाळी गाडी दारात आली तेव्हा ते इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाशी उभे होते. दहिवडी मागे पडली तसा माणदेशाचा तो उघडा, पिवळा माळ सुरू झाला. सर खिडकीबाहेर बघत होते. तलावावर जेराल्डने भिंतीच्या दगडांवर हात फिरवला, फोटो काढले. परतताना सुनंदाने ड्रायव्हरला गाडी गावात घ्यायला सांगितलं. सरांच्या लक्षात आलं. त्यांनी अडवलं नाही.

आक्का दारातल्या पायरीवर बसल्या होत्या. नव्वदीला टेकलेल्या, पाठीतून वाकलेल्या, डोळे मात्र तसेच घारे. सुनंदा पाया पडल्यावर त्यांनी तिच्या तोंडावरून हात फिरवला. भावाकडे बघितलंच नाही. जेराल्डला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"आमच्या बाचंच कपाळ हाय ह्याला," त्या म्हणाल्या. "कोन ह्यो?"

सुनंदाने सांगितलं.

"व्हय? आला म्हनायचा सायबाच्या घरचा कोनतरी." आक्कांनी त्याला समोरच्या खुर्चीवर बसायची खूण केली आणि बोलायला सुरुवात केली, जशा काही त्या त्याचीच वाट बघत होत्या. त्यांच्या आजीने पोराला शाळेत घालायला नेलं, तेव्हा मास्तर बापाचं नाव लिहायला तयार होईना. "म्हातारी म्हनली, ज्याचं पोर त्येचं नाव लिवा. त्यो बोटीत बसून गेला, पर नाव काय बोटीत घालून न्हेलं न्हाई त्यानं. मास्तरनं लिवलं. गावानं थू केलं, पर म्हातारी वाकली न्हाई. ह्याच अंगनात बसून सांगायची आमाला." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सांगा की त्याला, बाई."

जेराल्ड माझ्याकडे बघू लागला. मी सरांकडे बघितलं. ते भिंतीला धरून उभे होते. त्यांनी हातानेच मला थांबवलं, चष्मा काढून खिशात ठेवला, आणि उभ्या आयुष्यात माझ्यासमोर कधी न बोललेलं इंग्रजी ते बोलू लागले.

"नो पाद्री," ते म्हणाले. "यस्टरडे आय टोल्ड लाय. युवर इंजिनियर... माय फादर्स फादर." थोडं थांबून त्यांनी आक्कांकडे बोट दाखवलं. "हर ऑल्सो."

जेराल्डचा आधीच लाल असलेला चेहरा आणखी लाल झाला, मग पांढरा पडला. किती तरी वेळ तो त्या घाऱ्या डोळ्यांकडे बघत होता. शेवटी म्हणाला, आम्ही त्यांची कीव करत आलो. त्यांचं कुणी नाही म्हणून आमच्या घरात अजून हळहळतात. आणि इथे मूल होतं, ते त्यांना माहीत होतं. तो उठला, आक्कांपुढे उभा राहिला, आणि "सॉरी, सॉरी" म्हणताना हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना.

"काय म्हंतोय?" आक्कांनी विचारलं.

"माफी मागतोय," मी म्हटलं.

"ह्येनं काय केलंय माफी मागायला? बस म्हनावं. चा ठिवा गं कुनीतरी." मग इतक्या वेळात पहिल्यांदा त्या भावाकडे वळल्या. आवाज चढवला नाही. "दत्तू, म्हातारीची लाज वाटली तुला जल्मभर. तिनं काय चोरी केलीती? सख्ख्या भैनीला लग्नाला बोलीवलं न्हाईस, त्येची वाटली का कवा?"

सर हळूहळू खाली बसले, पायरीच्या खाली, मातीत. इस्त्रीचा शर्ट, वय, परका माणूस, कशाचं भान नव्हतं. आक्कांच्या पायांकडे बघत म्हणाले, "वाटली. म्हनून तर तोंड दावलं न्हाई तुला."

"मग ते तरी कुनाला कळायचं," आक्का म्हणाल्या.

 चहा आला. जेराल्डने निघताना आजीचं पूर्ण नाव विचारून घेतलं आणि मला पुन्हा पुन्हा उच्चारायला लावलं. सर आमच्याबरोबर परत आले नाहीत. सुनंदा गाडीत बसताना म्हणाली, "बाबा, औषधं पाठवून देते." त्यांनी मान हलवली. तिने त्यांना माफ केलं होतं की नाही ते मला सांगता येणार नाही. पण औषधं पोचवायला ती कुरिअर न करता सांगलीहून स्वतः गेली.

मग सर महिन्यातले बरेच दिवस म्हसवडलाच राहू लागले. आक्कांना सिद्धनाथाच्या देवळात हात धरून नेत, संध्याकाळी पायरीवर त्यांच्या खालच्या अंगाला बसत. जेराल्डने कळवलं, की त्याने घराण्याच्या वंशवेलीत साळूबाईचं नाव घातलं. एका चुलत बहिणीने त्यावरून त्याच्याशी बोलणं टाकलं. मी ते सरांना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "साळूबाईच लिहिलंय ना? नुसतं मोलकरीण नाही ना?"

शेवटचे भेटले ते साताऱ्यात, घराची किल्ली भाडेकरूला द्यायला आले होते. चष्मा नव्हता. आता मन हलकं झालं असेल, असं मी सहज म्हणून गेले. सरांनी मान हलवली.

"न्हाई, बाई. आधीची लाज दुसऱ्याची होती. ती उगाच वागवली, पण वागवता आली. ही माझी हाय. आक्का जेवायला वाढते ना, तवा घास उतरत न्हाई. ती काही बोलत न्हाई आता. बोलली असती तर बरं झालं असतं."

त्याच हिवाळ्यात सर गेले. म्हसवडला, आक्कांच्या घरी, दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. मी दुसऱ्या दिवशी पोचले. सुनंदा आत होती. आक्का त्याच पायरीवर बसल्या होत्या. मला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला. मग त्यांनी शेजारी बसायला जागा करून दिली.

"बाई, तुमी त्येच्यासंगं लय वर्सं काडली," त्या म्हणाल्या. "शाळंत कसा हुता वो त्यो? मला काईच म्हाईत न्हाई. बारका असताना गेला, आन् म्हातारा हून आला."

 सर फळ्यावर हात न उचलता नकाशा काढायचे, ते मी सांगितलं. पोरं कशी श्वास धरून बघायची, ते सांगितलं. आक्कांनी मला मध्येच थांबवलं. त्यांनी पदराने डोळे पुसले, पाय नीट आवरून घेतले आणि भिंतीला टेकून बसल्या.

"असं मधनंच नगा," त्या म्हणाल्या. "पयल्यापास्नं सांगा."